पेशंटच्या कार्डावर काय असतं

दिपाची सासू अनुसयाबाई त्या उन्हाळ्यात रोज आजारी पडायची आणि चहाला आधण यायच्या आत बरी व्हायची. कधी तिला दमा लागायचा, कधी पित्ताशयात खडे व्हायचे. एकदा तर बाळंतपणानंतरची उदासी झाली, धाकट्या लेकाला मिशा फुटून जमाना झाला होता तरी. अंगणातल्या बाजेवर ती पदर सारखा करून आडवी व्हायची, कण्हायची, आणि कण्हता कण्हता एका डोळ्यानं सुनेकडं बघायची, की हिला आता काय विचारायचं सुचतंय.

हे सगळं चाललं होतं इंग्रजीच्या परीक्षेसाठी.

दिपा हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. घर गोरेगावजवळच्या तांड्यावर. नवरा प्रेमदास जीप चालवायचा, गोरेगाव ते सेनगाव आणि पुढं हिंगोली. सकाळी त्याच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून ती ड्युटीला जायची. नर्सिंगला सोबत असलेली तिची एक मैत्रीण आयर्लंडला गेली होती. तिनं पाठवलेला वॉर्डाचा फोटो दिपानं कितीदा तरी मोठा करून पाहिला होता. दोन खाटांमध्ये एवढी जागा, की मधून बैलगाडी जावी. आपल्यालाही जमेल का, असं तिनं विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, नोकरीचं बघू, आधी परीक्षा दे.

ही परीक्षा शिकायला जाणाऱ्या पोरापोरींची नव्हे, दवाखान्यातल्या लोकांची वेगळी. वाचायचं, ऐकायचं, पेशंटला पुढच्या नर्सकडं सोपवताना देतात तसं एक पत्र लिहायचं आणि बोलायचं. बोलण्याच्या भागाचं दिपाला पहिल्यापासून नवल वाटत होतं. हातात एक कार्ड देतात. पेशंट कोण, त्याला काय झालंय, नर्सनं त्याच्याशी काय काय बोलायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायला दोन-तीन मिनिटं. मग समोर बसलेला धडधाकट माणूस पेशंट होतो. सुई नाही, सलाईन नाही, बीपी बघायचं नाही. नुसतं बोलायचं.

"आन् त्याच्यावर मार्क?" प्रेमदासनं विचारलं होतं.

"त्याच्यावरच."

"मंग तू पास हायेस. दिवसभर दवाखान्यात तेच तर करती."

दिपालाही तसंच वाटलं होतं. घरात तांड्याची गोरमाटी बोली, वॉर्डात मराठी, औषधाच्या दुकानात हिंदी, राऊंडला डॉक्टरांशी इंग्रजी. एका दिवसात चार भाषा बदलणाऱ्या बाईला बोलायचं भेव कसलं?

फोनवर शिकवणाऱ्या मॅडम केरळच्या होत्या. बरीच वर्षं आयर्लंडमध्ये नर्स म्हणून काढून त्या गावी परतल्या होत्या आणि घरी बसून क्लास घ्यायच्या. पहिल्या सरावाला त्या पेशंट झाल्या. पायाला जखम झालेली एक बाई, दवाखान्यात राहायला काही केल्या तयार नाही. दिपानं तिला सगळं नीट समजावलं. जखम का चिघळते, गोळ्या कधी घ्यायच्या, हयगय केली तर काय होऊ शकतं. कुठं अडखळली नाही. शेवटी 'डोंट वरी'सुद्धा म्हणाली.

 मॅडम आपल्या हेल काढत बोलायच्या हिंदीत म्हणाल्या, "अंग्रेजी तो अच्छी है, दीपा. लेकिन पेशंट से तुमने कुछ पूछा ही नहीं."

काय विचारायचं होतं, दिपाला कळेना. सगळं तर कार्डावर होतं.

तुझ्या कार्डावर तुझं होतं, माझ्या कार्डावर माझं, मॅडमनी सांगितलं. त्या बाईचं एक मांजर होतं. घरी एकटं. त्याला बघायला कुणी नव्हतं, म्हणून तिला दवाखान्यात राहायचं नव्हतं. दिपानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

फोन ठेवल्यावर दिपाला आधी राग आला. मांजर. तिच्या वॉर्डात एका नर्सला दोन्ही हातांच्या बोटांवर मावत नाहीत एवढे पेशंट, आणि त्यांच्या मांजरांची चौकशी कुणी करायची? पण राग ओसरल्यावर मनात दुसरंच घोळायला लागलं. पेशंटच्या कार्डावर असं काहीतरी असतं जे नर्सच्या कार्डावर नसतंच, आणि विचारल्याशिवाय ते सांगायचं नाही असा नियमच असतो. मग वॉर्डातल्या लोकांचं काय? त्यांच्याजवळही असं काही असेल का?

सरावाला पेशंट पाहिजे म्हणून तिनं प्रेमदासला बसवलं. तो कुठल्याही आजारातून दोन वाक्यांत बरा व्हायचा. ऑपरेशन करू म्हटलं की "करा", पाय कापावा लागेल म्हटलं की "कापा". अनुसयाबाई बाजूला बसून शेंगा निवडत हे बघत होती. शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

"सरक तिकडं," ती लेकाला म्हणाली. "तुला आजारी पडता येत न्हाई."

मग ती बाजेवर आली. दिपानं तिला त्या जखमेच्या बाईचं कार्ड समजावून सांगितलं. मांजराशी आल्यावर अनुसयाबाई थांबली.

"मांजरासाठी कोण दवाखाना सोडून येतं? म्हैस म्हण."

"याडी, कार्डावर मांजर हाये." सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई.

"त्या बाईनं म्हैस पाळली नसंल. मी म्हैसच म्हणणार. व्यायला झालीया."

आणि ती त्या न पाहिलेल्या म्हशीबद्दल इतकं बोलली, तिची कास, तिचा मारकेपणा, तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही ते, की दिपाला इंग्रजीत म्हशीच्या कासेला काय म्हणतात हे शोधावं लागलं. अशी त्यांची रीत पडली. दिपा आधी इंग्रजीत विचारायची, मग तेच गोरमाटीत. अनुसयाबाई गोरमाटीत उत्तर द्यायची आणि दिपा ते इंग्रजीत घोळवून पुढं बोलायची. शेजारची पारुबाई भाकरी थापायचं सोडून कुडाजवळ येऊन उभी राहायची. तिलाही एखादा आजार पाहिजे होता, पण अनुसयाबाई नंबर सोडत नव्हती.

"इच्यारल्याबिगर सांगायचं न्हाई, असंच हाये ना?" ती रोज एकदा खात्री करून घ्यायची. हळूहळू कार्डावरची कारणं तिला पुरेनाशी झाली. ती आपल्या मनाची कारणं धरून बसायला लागली.

एका संध्याकाळी तिला पित्ताशयात खडे झाले आणि ती ऑपरेशनला नाही म्हणून बसली. दुखेल म्हणून भेव वाटतं का? न्हाई. भूल देतात त्याचं? न्हाई. घराकडं कोण बघंल अशी काळजी? घरी सून हाये, म्हणाली. दिपाचे प्रश्न संपले.

"याडी, तुमीच सांगा आता. मी हारले."

"तिथं परीक्षेत असं म्हणणार हायेस?"

 मग मॅडमनी शिकवलेलं सगळ्यात साधं वाक्य दिपानं काढलं. "ऑपरेशनला नेतात तवा काय काय होतं, तुमाला ठाऊक असंल तेवढं मला सांगा."

अनुसयाबाई उठून बसली. कण्हणं तिनं सोडून दिलं.

"आधी लुगडं सोडून हिरवे कपडे घालायला लावतात. मंग हातातलं काढतात." तिनं दोन्ही हात पुढं केले. वर दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, सवाष्णीच्या बांगड्या, चढलेल्या होत्या, लग्नात घातलेल्या. त्यानंतर कधी उतरल्या नव्हत्या. "माझ्या मायीला नेलं तवा साबणानं निघाल्या न्हाईत. मंग कापल्या. माय वाचली, चांगली जगली. पर पाव्हणे आले की पदराखाली हात झाकून बसायची."

 ऑपरेशनच्या आधी तांड्यावरच्या किती बायांच्या हातांना दिपानं साबण लावला होता. त्या हात मागं ओढायच्या तेव्हा तिला वाटायचं, ह्यांना चोरीची भीती. ती म्हणायची, मावशी, पिशवीत घालून तुमच्या लेकीच्याच हातात देते. म्हणजे आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. हे कळल्यावर तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. आणखी कोण कोण कशाकशासाठी नाही म्हणत असेल?

वॉर्डात तेव्हा संतराम नावाचे एक आबा होते, जवळा बाजारच्या बाजूचे शेतकरी. पायाच्या अंगठ्याला जखम, शुगर चढलेली. दवाखान्यात ते इन्सुलिनची सुई निमूट घ्यायचे. पण घरी गेल्यावर ती चालू ठेवायची म्हटलं की मान फिरवायचे. "गोळ्या द्या," एवढंच. डॉक्टर रागवून झाले. अंगठा जाईल, असं सांगून झालं. बायको नर्मदाबाई विनवून थकली. केसपेपरवर कुणीतरी लिहूनही टाकलं होतं, पेशंट सुईला घाबरतो.

दिपानं ते वाचलं आणि तिला पटेना. ज्याला सुईचं भेव असतं तो असा बाही वर करून हात पुढं करत नाही.

दुपारी जेवणं आटोपून वॉर्ड पेंगला होता. नर्मदाबाई पाण्याची बाटली भरायला गेली होती. दिपानं स्टूल ओढलं आणि आबांच्या खाटेशी बसली. आबा दचकून उठून बसले.

"काय झालं? रिपोर्ट खराब आला का?"

नर्स खाली बसली म्हणजे काहीतरी वाईटच असणार, हे त्यांना इतक्या दिवसांत कळलं होतं.

"न्हाई आबा, रिपोर्ट बराबर हाये. मला एक इच्यारायचं होतं. घरी सुई घ्यायची म्हणली तर कसं कसं करावं लागंल, ते तुमच्या तोंडानं सांगा."

"तुमाला ठाऊक न्हाई व्हय, सिस्टर?"

"दवाखान्यातलं ठाऊक हाये. तुमच्या घरचं न्हाई."

आबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. चेष्टा तर करत नाही? मग ते सावकाश सांगायला लागले. सकाळी उठायचं. तोंड धुवायचं. जेवायच्या आधी इन्सुलिनची बाटली आणायची.

"कुठून आणायची?"

"फ्रिजातून."

"फ्रिज कुठं हाये?"

आबांनी दाराकडं पाहिलं. नर्मदाबाई अजून आली नव्हती. "शिवशंकरच्या घरी," ते म्हणाले.

शिवशंकर त्यांचा धाकटा भाऊ. एका भिंतीला दोघांची घरं. बांधावर बापानं लावलेली एक बाभूळ होती, ती शिवशंकरनं एके दिवशी तोडली. आबांना न विचारता. बाजेला लाकूड पाहिजे होतं म्हणे. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांची लेकरंबाळं शिकून बाहेरगावी गेली, तरी बोलत नव्हते. गावातल्या डॉक्टरांनी इन्सुलिन थंड ठेवावं लागतं असं सांगितलं, तेव्हा नर्मदाबाई लगेच म्हणाली होती, त्यात काय, भाऊजीच्या फ्रिजात ठेवू.

"बायांचं बोलणं चालूच हाये," आबा म्हणाले. "मागल्या दारानं. त्याह्यला वाटतं आमाला ठाऊक न्हाई. पर मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या दारात जाऊन उभं राहू? दादा आला बाटली घ्यायला, म्हणून? त्याचा फ्रिज भिंतीच्या पलीकडंच हाये, सिस्टर. माझ्या उशाला घरघरत राहतो."

"नवा फ्रिज घेतला तर?"

आबा ओशाळल्यासारखे झाले. फ्रिज म्हणजे शिळं खायची सोय, असं त्यांनीच चारचौघांत, भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणून ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडानं घ्यायचा?

दिपाला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. तिनं त्यांना मडक्याचा उपाय सांगितला. मातीच्या मडक्यात वाळू भरायची, वाळू पाणी शिंपून ओली ठेवायची, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती त्या वाळूत बसवायची आणि मडकं सावलीत ठेवायचं. दररोज वाळू ओली आहे ना, तेवढं बघायचं. फ्रिज नसेल तिथं असं करतात.

तिला वाटलं होतं, आबांच्या डोक्यावरचा भार उतरेल. आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे मडक्यात ठेवलं तर फ्रिजाची गरजच न्हाई?"

"न्हाई."

"त्याच्याकडं जायाचीच गरज न्हाई?"

"न्हाई आबा."

"बरं," आबा म्हणाले. "घेतो सुई."

पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. काहीतरी हातात येता येता निसटावं, तसा दिसत होता. आणखी एक प्रश्न विचारायला पाहिजे, असं दिपाला आतून वाटलं. कोणता, ते मात्र सुचेना. तेवढ्यात नर्मदाबाई पाण्याची बाटली घेऊन आली, पलीकडच्या खाटेवरचं सलाईन संपलं, आणि ते तसंच राहून गेलं.

आबांना डिस्चार्ज मिळाला. पुढं ड्रेसिंगला आले तेव्हा अंगठ्यावर लालसर नवी चामडी धरलेली होती, शुगर उतरली होती. दिपानं पट्टी सोडता सोडता विचारलं, "आबा, मडकं कसं हाये?"

"मडकं फुटलं," आबा वर न बघता म्हणाले.

"फुटायला आणलं कवा?" नर्मदाबाई म्हणाली. "बाटली भाऊजीच्या फ्रिजात हाये, सिस्टर. सकाळ-संध्याकाळ हेच जातात. मी आणते म्हणलं तर मला जाऊ देत न्हाईत."

"मंग बोलणं झालं का?"

"बोलणं कुठलं. पहिल्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. भाऊजी बी जागचे उठले न्हाईत. जावबाईनं बाटली आणून दिली. आता आत जाऊन बसतात. ती बिनसाखरेचा चहा ठेवती. दोघं टीव्हीवर सोयाबीनचा भाव बघतात आन् मंग हे घरी येतात."

दिपानं आबांकडं पाहिलं. "काहून आबा? मडकं चाललं असतं की."

"उन्हाळा लई हाये," आबा म्हणाले. "मडक्याचा काय भरवसा."

दिपानं पुढं काही विचारलं नाही. घरी येऊन तिनं हे सासूला सांगितलं, तेव्हा अनुसयाबाई बराच वेळ शेंगांची टरफलं चुरत बसली. मग म्हणाली, "त्याला सुई बी नको होती आन् मडकं बी नको होतं. त्याला कारण पाहिजे होतं, जायाला." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पर मंग पहिल्यांदा न्हाई काहून म्हणला?" त्यावर दोघींनी पुष्कळ डोकं चालवलं. नक्की असं काही हाती लागलं नाही.

परीक्षा हैदराबादला होती. प्रेमदासनं जीप एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केली आणि दोघं हिंगोलीहून काचीगुड्याच्या गाडीत बसले. बोलण्याच्या परीक्षेला समोर चष्मा लावलेल्या एक शांत बाई होत्या. दिपाच्या कार्डावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा होता. त्याला वॉकर धरून बाहेर चालायला तयार करायचं होतं आणि शेवटी दुखण्याच्या गोळ्यांचं सांगायचं होतं. त्या बाई क्षणात तो म्हातारा झाल्या, हट्टी आणि कमी बोलणारा. दिपानं घाई केली नाही. चालायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, असं तिनं विचारलं. म्हातारा म्हणाला, घराजवळच्या मैदानावर मी पोरांना फुटबॉल शिकवायचो, ती पोरं मला वॉकर धरलेला बघतील.

हे दिपाच्या कार्डावर नव्हतं. तिला पुढचं विचारल्याशिवाय राहवेना. किती पोरं होती? त्यातलं कुणी अजून भेटायला येतं का? त्यांच्यातलंच कुणी सोबत चाललं तर? म्हातारा थोडा विचारात पडला, आणि वेळ संपली.

बाहेर पायऱ्यांवर प्रेमदास वाट बघत होता.

"कसं गेलं?"

"गोळ्यांचं सांगायचं राहिलं."

"मंग आता?"

"त्या माणसानं पोरांना फुटबॉल शिकवला होता, तेवढं कळलं."

"कोण माणूस?"

"न्हाईच ना कुणी," दिपा म्हणाली.

निकाल फोनवर आला तेव्हा ती सेनगावच्या स्टँडवर जीपमध्ये बसली होती. वाचणं, ऐकणं निघालं होतं. बोलण्यात तिला वाटलं त्याहून चांगले मार्क होते. पण लिहिण्यात ती कमी पडली होती.

मॅडमनी तिची सरावाची पत्रं पुन्हा काढून बघितली आणि त्यांना हसू आलं. प्रश्नात पेशंटबद्दल जेवढं दिलेलं होतं तेवढं सगळं दिपानं पत्रात घातलं होतं, त्याच्या कुत्र्याच्या नावासकट. बोलताना सगळं विचारायचं, मॅडमनी सांगितलं, पण लिहिताना पुढच्या नर्सला जेवढं लागेल तेवढंच.

मग बाकीच्याचं काय करायचं, असं दिपानं विचारलं.

"वो तुम्हारे पास रहेगा," मॅडम म्हणाल्या.

दिपा गाळायला शिकली. तिला ते बोलण्यापेक्षा अवघड गेलं. एक-एक ओळ खोडताना वाटायचं, हेच उद्या लागलं तर? अनुसयाबाईला या भागात काही काम नव्हतं, तरी ती रोज बाजेवर येऊन बसायची आणि सून काय खोडते ते विचारायची. "ती म्हातारी एकटी राहती, ते ठेव," ती कधी सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. दिवाळी झाल्यावर दिपानं पुन्हा परीक्षा दिली. या वेळी लिहिण्यातही ती सुटली.

मग तिकडच्या एका दवाखान्यानं व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि नोकरी देऊ केली. कागदपत्रं निघाली, जायला अजून काही महिने होते. तांड्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. अनुसयाबाईनं सांगून टाकलं होतं की तिथं रोज पाऊस पडतो आणि सोयाबीन कुणी पेरत नाही, तेव्हा ती काही येणार नाही, पण महिन्यात एकदा फोनवर आजारी पडेल. प्रेमदास मागाहून जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रेमदासनंही. त्यावर त्याला काही बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी ड्युटी सुटल्यावर दिपा जीपमध्ये बसली. मागं एकही सवारी नव्हती. हिंगोली मागं पडली आणि तिला एकदम जाणवलं, वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून झालं, हैदराबादेतल्या नसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा विचारलं, पण या माणसाला आपण काहीच विचारलं नाही.

"तुमाला काय वाटतं?" ती म्हणाली. "तिकडं जायाचं म्हणलं तर?"

"जाऊ की," प्रेमदास म्हणाला.

दिपाला हे उत्तर ओळखीचं होतं. असाच तो दोन वाक्यांत बरा व्हायचा. तिनं जरा दम खाल्ला.

"तिथं उतरल्यावर पहिल्या दिवशी तुमी काय कराल, ते सांगा."

 नर्सीचा फाटा आला आणि गेला. समोरून कापसाची गाडी येत होती, तिला वाट देऊन त्यानं जीप पुन्हा डांबरावर घेतली.

"बस थांबती तिथं जाऊन उभा राहीन," तो म्हणाला.

"काहून?"

"तिकडं म्हातारं माणूस चढायला आलं की बस एका अंगानं खाली बसती. उंट बसतो तशी. माणूस चढलं की पुन्हा उठती." तो रस्त्यावरची नजर न काढता सांगत होता, पण आवाज बदलला होता. "लई दिवसांपासून मोबाईलवर बघून राहिलो मी. आवाज बी येतो, फुस्स करून. तिकडं बी डाव्या अंगानंच चालवतात, आपल्यासारखं. मला ती बस खालून बघायचीय. कशी बसती."

दिपा त्याच्याकडं बघतच राहिली. लग्न झाल्यापासून एका दमात इतकं बोलताना तिनं त्याला क्वचितच ऐकलं होतं.

"बसती म्हणजे चाकं आत जातात का?" तिनं विचारलं.

"चाकं तिथंच राहतात. वरचा सांगाडा खाली येतो. हवा सोडत असतील, असं मला वाटतं. पर मंग एवढ्या लवकर परत भरती कशी?"

सेनगावचा स्टँड आला. चार-पाच माणसं हात करत पुढं आली. प्रेमदासनं जीप कडेला घेतली, आणि लोक मागं चढेपर्यंत दोघं नवरा-बायको त्या बसचाच विचार करत बसले.